पोलकं कोणाचं

पहिला अंगरखा मी उलटा शिवला. कापड उलटं नव्हतं, शिलाईही सरळ होती, पण बंद भलत्याच बाजूला आले. टीव्हीसमोर वही घेऊन बसून मी मालिकेतल्या सरदाराचा अंगरखा चितारला होता. त्याचे बंद मला उजवीकडे दिसले, म्हणून मी ते उजवीकडे लावले. नवऱ्याच्या अंगावर चढवून समोर उभी राहिले, तर बंद डावीकडे. तो आरशासमोर गेला आणि म्हणाला, "बरोबर तर आहे." मी आरशात पाहिलं, खरंच बरोबर होतं. आरशावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं की पुन्हा चूक.

"आता मी आरशातच राहू काय वो?" असं म्हणून त्यानं अंगरखा काढला आणि ड्यूटीला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी संवाद ऐकलेच नाहीत, नुसते बंद बघत बसले. जाहिरातींच्या आधी ते एका बाजूला होते, जाहिरातींनंतर दुसऱ्या. सरदार तोच, अंगरखा तोच. मग मी चुकले होते की नाही, हेही मला कळेना.

लग्न होऊन गोंदियाकडून भिलाईला आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. नवरा प्लांटमध्ये, रेल मिलला. सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये खिडकीला लागून माझी मशीन. आधी मी बायकांच्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. मुलगी नोकरीला हैदराबादला गेली आणि माझ्या दुपारी एकदम रिकाम्या झाल्या. त्याच सुमारास ही ऐतिहासिक मालिका सुरू झाली. गोष्ट मला फारशी लक्षात राहत नसे. कोण कोणाचा चुलता, कोण फितूर, सगळा घोळ व्हायचा. पण कपडे मात्र डोळ्यांसमोरून हलत नसत. बाहीला एवढ्या चुण्या कशा पडल्या? कमरेखाली घेर कुठून आला? एका बाईच्या चोळीला पाठीवर चेन दिसली, तेव्हा तर मला हसू आवरेना. त्या काळात चेन नव्हती, तर मग काय होतं? हे शोधायचं म्हणून मी शिवायला लागले. मुलगी फोनवर विचारायची, "आई, हे घालणार कोण आहे?" मी सुईत दोरा ओवत राहायची.

इथल्या सुपेला बाजारात एक म्हातारे टेलर मास्टर आहेत. लग्नाच्या शेरवान्या शिवतात, पूर्वी रामलीलावाल्यांचेही कपडे शिवायचे. मी माझा उलटा अंगरखा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो मांडीवर पसरला, बगलेत दोन बोटं घातली आणि म्हणाले, "चौबगला कहाँ है?" बगलेत एक चौकोनी तुकडा तिरपा जोडावा लागतो, तो नसला तर हात वर होत नाही. मी म्हटलं, टीव्हीवर तर सरदार तलवार उपसतो. मास्टर हसले. "बहनजी, टीवी में सामने से राजा दिखना चाहिए, बस. पीठ तो पिन से पकड़ी रहती है." आणि बंद कोणत्या बाजूला? ते म्हणाले, जो बांधून देईल त्याच्या हाताच्या बाजूला. हे उत्तर होतं की थट्टा, ते मला आजवर समजलेलं नाही. चौबगला कसा जोडायचा ते मात्र त्यांनी मांजरपाटाच्या तुकड्यावर करून दाखवलं.

दुसरा अंगरखा बरा झाला. तिसऱ्याच्या वेळी माझ्या जोडीला शेजारीण होती.

आमची भिंतीला भिंत. तिचा नवराही प्लांटमध्येच, कोक ओव्हनला. ती अहिवाऱ्याजवळच्या खेड्यातली, छत्तीसगढी. वीस वर्षांत आम्ही एकमेकींशी हिंदीतच बोललो. चिडली की ती छत्तीसगढीत बोलते, मी चिडले की मराठीत, आणि दोघींनाही सगळं समजतं. दुपारी दोनला मालिकेचा कालचा भाग पुन्हा लागायचा, तेव्हा ती यायची. मराठी संवाद अडले की मी अर्थ सांगायची. तिच्या हाताची तुरपाई अशी, की उलटीकडून पाहिलं तरी टाका सापडू नये. मी मशीन मारायची, ती बसून बंद वळायची.

त्या दुपारी ती तिसऱ्या अंगरख्याचे बंद लावत होती. मालिकेत सरदार नागपूरहून निघाला होता. घोडे, भगवे झेंडे, मागे ढोलताशे. सरदाराची बायको ओवाळत होती आणि तो म्हणत होता, पूर्वेच्या मुलखातून वसुली घेऊन येतो. मी वहीत त्याच्या पगडीचे पेच मोजत होते. ती शांतपणे म्हणाली, "येमन त हमर डहर आवत हें."

हे लोक तर आमच्याकडे येताहेत.

मी हसले. मला वाटलं, गंमत करतेय. मग मी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडेच बघत होती. म्हणाली, तिची आजी सांगायची की घोड्यांच्या टापा ऐकू आल्या की गावातले लोक धान मातीत पुरायचे आणि वरून चूल मांडायचे. घोड्यावरचे मराठे होते की पिंढारी की आणखी कोणी, हे आजीला ठाऊक नव्हतं. आजीलाही तिच्या आजीनं सांगितलेलं, एवढंच.

मी म्हटलं, "चाय रखूँ?"

तिनं सुई कापडात खोचली, अंगरख्याची घडी केली आणि उठली. "चलती हूँ दीदी. नल आने का टाइम है."

आमच्याकडे नळ साडेचारला येतो. तेव्हा अडीच वाजले होते.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिच्या दाराला कुलूप. फोन लावला तर बंद. तिचा नवरा कधी येतो, कधी जातो, ते मला दिसलंच नाही. तिसऱ्या दिवशीही कुलूप. मी आठवून आठवून थकले, की मी हसले ते तिला किती लागलं असेल. मध्येच रागही यायचा. मी काय केलं होतं? मी का कोणाचं धान नेलं होतं? आणि मग मी खुंटीला अडकवलेल्या त्या अंगरख्याकडे लक्ष जायचं. एक बंद लागलेला, एक सुईसकट लोंबत असलेला. तो पूर्ण करावा की नाही, हे ठरवता येईना. मशीनवर बसले की पायच हलत नसे.

शेवटी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो डबा धुवत होता.

"कावून डोक्शाले ताप देऊन राहिली?" तो म्हणाला. "तेव्हाचे लोक गेले."

"पण ते आपलेच होते ना?"

"आपले?" त्यानं डबा पालथा घातला. "आपला आजा-पणजा काय घोड्यावर बसून होता? आपण धान पिकवनारे मानसं. त्यायनं आपल्याही घरातलं नेलंच असन. तुले कोनं सांगितलं का आपण सरदार होतो?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं. तरी मी तसं धरून चालले होते. रोज दुपारी झेंडे निघाले की माझी मान थोडी ताठ व्हायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. माझे आजोबा घालायचे ते आठवू लागले. गुडघ्यापर्यंतचं धोतर आणि बिनकॉलरची बंडी. बंडीला बटणं होती की बंद? खिसा होता? बाह्या कुठवर होत्या? आठवेना. सरदाराच्या अंगरख्याच्या घेरातल्या कळ्या मी झोपेत मोजून दाखवल्या असत्या आणि ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रेला गेले, त्यांच्या बंडीचा गळा गोल होता की उभा चिरलेला, ते माहीत नाही. आईला फोन केला. ती म्हणाली, "बंडी म्हंजे बंडी. तिचं काय पाहाचं असते?"

सहाव्या दिवशी सकाळी दार वाजलं. शेजारीण होती, हातात जुन्या धोतराची गठडी. तिची आई गावच्या तळ्याच्या पायरीवर घसरून पडली होती, डावा हात मोडला होता. खबर मिळताच ती निघून गेली. गावात तिच्या फोनला रेंज नव्हती.

मला एवढं हलकं वाटलं की मी तिच्या आईची चौकशीही नीट केली नाही. मराठीतच विचारलं, "मग तू रागावून नव्हती गेलीस?"

"किस बात पे?"

"त्या दिवशी. घोडे."

तिनं गठडी खाली ठेवली. मग म्हणाली, आई पडल्याचा फोन त्या दिवशी संध्याकाळी आला होता. अडीच वाजता ती घरी जाऊन नुसती पलंगावर बसली होती. राग होता का, ते तिलाही ठाऊक नाही. "तुमसे क्या गुस्सा, दीदी. लेकिन बैठा नहीं गया." मी चहा ठेवला.

तिनं गठडी सोडली. आजीच्या पत्र्याच्या पेटीत सापडलेले दोन कपडे तिनं माझ्यासाठी आणले होते. तुम्ही सरदारांचे शिवता, आता आमच्या आजीचंही शिवून बघा, असं म्हणाली. एक जाडंभरडं, लाल काठाचं, आठ हाती वस्त्र. दुसरं लहानसं, विटक्या निळ्या रंगाचं, पुढे गाठ मारायचं. बगलेत चौकोनी तुकडा. मी तो बोटानं चाचपून पाहिला.

"इसको क्या बोलते हो तुम लोग?"

"पोलखा."

"हम पोलकं बोलते हैं."

"और ये लुगरा."

"लुगडं."

ती म्हणाली, "तुमन हमर ले लेव, के हमन तुंहर ले?" तुम्ही आमच्याकडून घेतलंत की आम्ही तुमच्याकडून? मला वाटलं, घोड्यावरून आलेल्या लोकांबरोबर हा शब्द आला असेल का? त्यांच्याबरोबर शिंपी होते? बायका होत्या? की धानाबरोबर इकडूनच तिकडे गेला? मालिकेत तर कधी कोणी शिंपी दिसला नाही. मुलीला विचारलं, ती म्हणाली इंटरनेटवर बघते, आणि विसरून गेली.

पोलख्याचा काट, म्हणजे कापड कसं बेतलंय ते, मला उमगेना. खांद्यावर शिवणच नव्हती. पाठ, बाही आणि पुढचा भाग कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, समजत नव्हतं. वर्तमानपत्र कापून तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा बाही पाठीवर गेली. शेवटी मी तिला म्हटलं, एका बाजूची शिवण उसवावी लागेल. ती म्हणाली, उसवा.

मी ब्लेडनं एकेक टाका कापत होते. दोरा कुजलेला, हात लावला की भुगा व्हायचा. बगलेपर्यंत आले आणि कापड जरासं ताणलं. आवाजसुद्धा झाला नाही. बाहीपासून छातीपर्यंत उभं फाटत गेलं.

माझे हात तिथंच थांबले. ती समोर बसून शेंगा सोलत होती. तिनं पाहिलं, शेंगा बाजूला ठेवल्या, फाटलेल्या दोन्ही कडा बोटांनी जवळ आणल्या आणि पुन्हा सोडून दिल्या.

"दाई ला झन बताहू," एवढंच म्हणाली. आईला सांगू नका.

ती घरी गेल्यावर मी रडले. एवढ्याशा चिंधीसाठी की तिच्या आजीसाठी, की मी पुन्हा एकदा त्यांच्या घरातली वस्तू नेली असं वाटून, हे सांगता येणार नाही. फाटल्यामुळे काट मात्र लख्ख दिसला. पाठ, पुढचा भाग आणि दोन्ही बाह्या एकाच तुकड्यात होत्या. दुसऱ्याच दिवशी मी बाजारातून तसलंच निळं सुती कापड आणलं, दोनदा धुऊन आटवलं आणि तीन दिवसांत नवं पोलकं शिवलं. हातानंच. तुरपाई तिनं केली. मग मी तिला म्हटलं, मी तुझ्या आईला सांगणार. तिनं वाद घातला नाही.

रविवारी सकाळी तिच्या स्कूटीवर मागे बसून मी अहिवाऱ्याच्या पलीकडे गेले. चुनखडीचे ट्रक आमच्या अंगावर पांढरं उडवत जात होते. तिच्या आईच्या अंगणात पोचलो तेव्हा आम्ही दोघी पिठात लोळल्यासारख्या दिसत होतो. म्हातारी खाटेवर बसली होती, हात प्लास्टरमध्ये. आम्हाला मुर्रा, म्हणजे चुरमुरे, आणि चहा मिळाला. चहा संपायच्या आधीच मी गठडी सोडली, फाटलेला पोलखा तिच्यापुढे ठेवला आणि हात जोडून म्हटलं, "अम्मा, हमसे फट गया. आपकी माँ की निशानी थी."

तिनं तो उचलून डोळ्यांजवळ धरला. मग लेकीकडे बघितलं.

"काकर माँ के?" कोणाच्या आईची?

"डोकरी दाई के. ओकर पेटी म रहिस," लेक म्हणाली. आजीचा, तिच्याच पेटीत होता.

म्हातारी म्हणाली, पेटी आजीची, कपडा माझा. आमच्या आया पोलखा घालतच नसत. नुसता लुगरा, पदर आवळून घेतला की झालं. मग तिनं सांगितलं ते असं. तिचं नवं लग्न झालं होतं आणि भिलाईत प्लांटचं काम निघालं. नवरा माती खणायचा, ती टोपली वाहायची. गावात पदरावर भागत होतं, पण तिथं कुठून कुठून आलेले हजार अनोळखी पुरुष. डोक्यावर टोपली घेऊन दोन्ही हात वर केले की अंग उघडं पडायचं. तेव्हा मजुरांच्या वस्तीत, कॅम्प-१ मध्ये, एक बाई हातमशीन घेऊन बसायची. तिच्याकडून तिनं हा शिवून घेतला. बाई म्हणाली होती, बगलेत जोड लावते, कितीही हात वर कर.

"कौन थी वो औरत?" मी विचारलं.

"मराठिन रहिस," म्हातारी म्हणाली. मग विचार करून म्हणाली, "के तेलगिन रहिस." मराठी होती, की तेलुगू होती. तिची बोली कळत नसे, खुणेनंच माप दिलं होतं.

मी शेजारणीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. आठवडाभर आम्ही ज्याचं मूळ घोडेस्वारांपर्यंत शोधत होतो, ते आमच्याच प्लांटच्या पायाची माती वाहताना घातलेलं होतं. मग पोलखा हा शब्द? तो म्हातारीला आधीपासून माहीत होता का? ती म्हणाली, माहीत असेल. नसेलही. त्या बाईनंच सांगितला असेल. "कपड़ा ए. पहिरे के चीज ए," म्हणाली. घालायची वस्तू आहे.

नवं पोलकं तिला आवडलं. लगेच घालून बघते म्हणाली. उजवा हात गेला. डाव्या बाहीत प्लास्टर अडकलं. तीन दिवस जपून शिवलेली ती बाही. मी म्हटलं, हात बरा झाला की घाला. ती म्हणाली, तोवर मी जगते की नाही कोणाला माहीत, कापून टाक. मी लेकीकडे बघितलं. तिनं आतून घरातली कात्री आणून दिली. मी कडेपासून खांद्यापर्यंत बाही चिरली आणि आम्ही दोघींनी अंगणातच बसून दोन्ही कडा दुमडल्या आणि चार जागी बंद लावले. कोणत्या बाजूला बांधायचे हा प्रश्न नव्हता, उजव्या हाताला जमेल तिकडे.

घालून झाल्यावर म्हातारीनं छातीच्या आतल्या अंगाला चाचपलं. "खीसा कहाँ हे?"

जुन्या पोलख्याच्या आत एक चौकोनी तुकडा होता. मी त्याला ठिगळ समजले होते आणि नव्यात घेतला नव्हता. तो तिच्या तंबाखूच्या डबीचा खिसा. तोही शिवला. मग ती उठली आणि अंगावर पदर न घेता, तशीच, शेजारच्या घरी दाखवायला गेली. तिच्या मागे तिची लेक, तिच्यामागे मी. म्हातारी चांगला हात वर करून सगळ्यांना बगलेतला जोड दाखवत होती आणि बायका हसत होत्या. मला आनंद होत होता, आणि तो नेमका कशाचा, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

तिथल्या दोन बायकांनी जाताना आपल्या घरातले जुने कपडे माझ्या हातात दिले. एक बिनबाह्यांचा सदरा, तो पुरुषाचा की बाईचा, यावर त्यांच्यातच एकमत नाही. दुसरं काय आहे ते देणारीलाही माहीत नाही. मालिका अजून चालू आहे, शेजारीण दोन वाजता येते. टीव्ही लावलेला असतो. आम्ही त्या दुसऱ्या कपड्याचा गळा शोधत असतो.